अल्पजीवी रेणूंचे वर्णपट-वाचन

गेल्या पावसाळ्यात वर्ध्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या स्नेह्यांनी आपल्या मराठी व्याख्यानाची टाचणे माझ्याकडे पाहावयास दिली. विषय होता 'प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान'. पारिभाषिक शब्दांची रूपे तपासावीत, समास कोठे जोडावा व कोठे सोडवावा ते सांगावे, एवढीच अपेक्षा होती. शास्त्रशाखांतील मंडळी भाषाविज्ञानाच्या अध्यापकाकडे येतात ती बहुधा याच कामासाठी. परंतु टाचणे वाचता वाचता शब्द मागे राहिले आणि त्यांतील एका प्रकरणाने माझे लक्ष वेधून घेतले. ते प्रकरण होते मिथिलीन नावाच्या एका चिमुकल्या रेणूचे. त्याच्या वर्णपटातील पहिली रेषा कोणती, या एका प्रश्नावरून प्रयोग व गणित यांच्यामध्ये सुमारे आठ वर्षे तेढ राहिली होती. पोथीचा पाठ ठरविताना आम्हांला जो प्रश्न पडतो त्याच जातीचा हा प्रश्न आहे, असे मला वाटले. म्हणून, रसायनशास्त्रात परका असूनही, आमच्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रारंभी 'वर्णपट' या शब्दाविषयी थोडेसे. 'वर्ण' म्हणजे रंग, हा अर्थ मनात धरून हा शब्द घडविण्यात आला. लोलकातून गेलेला सूर्यप्रकाश पडद्यावर रंगांचा पट्टा उमटवितो, तो वर्णपट. पुढे जंबुपार किरणे आली, क्ष-किरण आले. डोळ्यांस न दिसणाऱ्या या किरणांना रंग कोठला? तरीही शब्द टिकला. येथे ज्या पद्धतीचा विचार करावयाचा आहे तिच्यात तर अखेरीस प्रकाश मोजलाच जात नाही. मोजली जाते ती इलेक्ट्रॉनांची गती. असे असता 'वर्णपट' हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. संस्कृतात व मराठीत 'वर्ण' म्हणजे अक्षरही होय. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसेल. पण अक्षरांचा पट म्हणून वर्णपटाकडे पाहिले तर पुढील सारी हकीकत सुबोध होते.

आता मूळ अडचणीकडे वळू. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्यांतून भरून ठेवलेली द्रव्ये आपण पाहतो. त्यांचे रेणू स्वभावतः स्वस्थ असतात, म्हणूनच ती बाटलीत राहतात. परंतु एका स्वस्थ रेणूचे दुसऱ्या स्वस्थ रेणूत रूपांतर होते तेव्हा मधल्या मार्गावर काही अस्वस्थ रेणू जन्मास येतात. मिथेन या वायूत एका कार्बन अणूस चार हायड्रोजन अणू जोडलेले असतात. त्यांतील एक काढून घेतला की मिथिल हा मुक्त मूलक उरतो, दोन काढून घेतले की मिथिलीन उरते. यांची बंधने अपुरी असतात. त्यामुळे भेटेल त्या रेणूशी ते तत्काळ संयोग पावतात. ज्योतीत, वातावरणाच्या वरच्या थरांत, ताऱ्यांमधील विरळ मेघांत ते असतात. बाटलीत मात्र ते राहू शकत नाहीत. अशा रेणूंना विश्वकोशाची परिभाषा 'विक्रियाशील' म्हणते, शालेय पुस्तके 'अभिक्रियाशील' म्हणतात. कोणताही शब्द घ्या, अडचण तीच: ज्याचे आयुष्य सेकंदाच्या एका अल्पांशाइतके, त्याची ओळख पटवावी कशी?

जुना मार्ग असा की, असा रेणू जेथे आपोआप उत्पन्न होतो तेथेच त्याचा प्रकाश पाहावा. ज्योतीच्या निळसर-हिरव्या गाभ्यात कार्बनचे दोन-दोन अणू जोडीने चमकतात व त्यांचे पट्टे वर्णपटात स्पष्ट उमटतात. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ना. र. तावडे यांनी अशा द्विअणू रेणूंच्या पट्ट्यांची तीव्रता मोजण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घकाळ केले. आपल्याकडील वर्णपटविज्ञानाच्या इतिहासात या कामास जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळालेले नाही, असे माझ्यासारख्या त्रयस्थासही वाटते. तथापि या मार्गास मर्यादा आहेत. काही रेणू प्रकाश देतच नाहीत, आणि प्रकाशविषयक निवडीचे नियम काही अवस्थांचे एकमेकींशी येणे-जाणेच बंद करून टाकतात. रेणूच्या दोन अवस्थांमध्ये किती अंतर आहे हा प्रश्न अशा वेळी अनुत्तरित राहतो.

प्रकाश-इलेक्ट्रॉन पद्धतीचे मूळ १९०५ मध्ये आहे. प्रकाशाच्या आघाताने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे त्यापूर्वीच ठाऊक झाले होते. आइन्स्टाइन यांनी त्याचा हिशेब मांडला. प्रकाश हा ठरावीक ऊर्जेच्या पुड्यांनी येतो. एक पुडी एका इलेक्ट्रॉनास मिळते. तीतील काही भाग इलेक्ट्रॉनास सोडविण्यात खर्च होतो आणि उरलेला भाग तो गतीच्या रूपाने बरोबर नेतो. दिलेली ऊर्जा ठाऊक आहे, शिल्लक मोजता येते. वजाबाकी केली की खर्च कळतो. हा खर्च म्हणजेच आयनीभवन ऊर्जा. हीच वजाबाकी धातूऐवजी वायुरूप रेणूंवर करण्याचा उद्योग लेनिनग्राडमध्ये व्हिलेसॉव्ह, कुर्बातॉव्ह व तेरेनिन यांनी १९६१ मध्ये आणि लंडनमध्ये टर्नर व अल-जोबूरी यांनी १९६२ मध्ये केला. टर्नर यांनी हेलियम वायूचा दिवा वापरला. त्याच्या जंबुपार किरणांतील प्रत्येक पुडीत २१.२२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते आणि बहुतेक रेणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सोडविण्यास ती पुरून उरते. स्वीडनमधील उप्साला येथे काइ सीगबान यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अणूच्या आतील इलेक्ट्रॉनांचा असाच अभ्यास केला. त्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो भाग येथे सोडून देतो.

ही शिल्लक गती मोजणे ऐकावयास अवघड वाटते. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एका सेकंदात सुमारे ५९३ किलोमीटर जातो. दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपासची ऊर्जा असेल तर वर्ध्याहून मुंबईपर्यंतचा लोहमार्ग तो सेकंदाच्या आत संपवील. परंतु इलेक्ट्रॉन विद्युत्भारित असल्यामुळे त्याला विद्युत्क्षेत्राने वळविता येते. ज्याची गती कमी तो अधिक वळतो. दोन वक्र पत्र्यांच्या मधून त्याला जाऊ द्यावे व पत्र्यांवरील दाब हळूहळू बदलत न्यावा म्हणजे एकेका गतीचे इलेक्ट्रॉन क्रमाने मोजणीच्या टोकाशी पोचतात. किंवा ठराविक अंतर तोडण्यास त्याला किती वेळ लागला ते मोजावे. सारे काही उत्तम निर्वातात करावे लागते, नाहीतर वाटेतील हवेच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन आपली गती गमावून बसतात.

मिळालेला आलेख वाचावा कसा, हे नायट्रोजनच्या उदाहरणावरून चांगले कळते. नायट्रोजनच्या वर्णपटात हेलियम दिव्याच्या प्रकाशाखाली तीन गट दिसतात. त्यांचे प्रारंभ १५.५८, १६.७० आणि १८.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आहेत. याचा पहिला अर्थ सरळ आहे: रेणूत इलेक्ट्रॉन निरनिराळ्या घरांत राहतात आणि प्रत्येक घरातून बाहेर काढण्याचा खर्च वेगळा आहे. परंतु गटांचे आकार पाहिले म्हणजे दुसरा, अधिक सूक्ष्म अर्थ कळतो. पहिल्या गटात एकच उंच रेषा व तिच्यामागे एक-दोन लहान रेषा आहेत. दुसऱ्या गटात मात्र एकामागून एक अशी रेषांची लांब माळ आहे. हा भेद कशामुळे? इलेक्ट्रॉन इतक्या त्वरेने निघून जातो की, जड अणुकेंद्रांना हलण्यास अवसरच मिळत नाही. रेणू जेथल्या तेथे, पूर्वीच्याच आकारात, अचानक आयन बनलेला असतो. आयनाला तोच आकार सोयीचा असेल तर तो स्वस्थ राहतो व एकच उंच रेषा उमटते. आयनाला निराळा आकार हवा असेल तर तो कंप पावू लागतो. कंपनाच्या ऊर्जेच्याही पायऱ्याच असतात. जितक्या पायऱ्यांवर आयन सापडतील तितक्या रेषा. फ्रँक व काँडन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व तावडे यांच्या तीव्रता-मापनाच्याही मुळाशी होते.

नायट्रोजनच्या दुसऱ्या माळेतील दोन रेषांमधील अंतर सुमारे ०.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. अखंड नायट्रोजन रेणूच्या कंपनाची पायरी ०.२९ ची असते. पायरी लहान झाली, म्हणजे बंधन सैल झाले. अर्थात जो इलेक्ट्रॉन गेला तो दोन अणूंना बांधून ठेवणारा होता. पहिल्या गटातील इलेक्ट्रॉन बंधनाच्या बाबतीत जवळजवळ उदासीन होता. एका आलेखावरून इलेक्ट्रॉनाचे घर, त्याचे रेणूतील काम आणि तो गेल्यावर झालेला आकारबदल, तिन्ही गोष्टी वाचता आल्या.

हीच पद्धत अल्पजीवी रेणूंना लावावयाची तर तो रेणू किरणांच्या वाटेवरच, ऐन वेळी, तयार करावा लागतो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे जोनाथन, मॉरिस, डाइक आदींनी १९७० नंतरच्या दशकात हे काम नेटाने केले. मिथेनवर फ्लोरीनचे सुटे अणू सोडले की एक हायड्रोजन अणू ओढून घेतला जातो व मिथिल उरतो. तो पुढे कशाशी तरी जुळण्यापूर्वीच त्याच्यावर प्रकाश पाडावयाचा. मिथिलची आयनीभवन ऊर्जा ९.८४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरली, आणि त्याच्या वर्णपटात प्रारंभीची रेषाच ठळक आली. याचा अर्थ मिथिल सपाट आहे आणि त्याचा आयनही सपाटच आहे.

परंतु या मार्गात एक व्यावहारिक अडचण राहते. किरणांच्या वाटेवर केवळ मिथिल नसतो. न फुटलेला मिथेन, विक्रियेत तयार झालेले हायड्रोजन फ्लोराइड, वाटेत जुळून गेलेले इतर रेणू, असा सारा मेळावा असतो आणि प्रत्येकाचा वर्णपट एकमेकांवर पडतो. एकाच पानावर चार लेखकांनी चार वेळा लिहावे तसा हा प्रकार.

यावरील तोड ऋण आयनांनी सापडली. रेणूवर एक जादा इलेक्ट्रॉन बसविला की तो विद्युत्भारित होतो आणि भारित कण हव्या त्या दिशेने नेता येतो. आमच्याकडे खळ्यावर ज्वारी उफणताना वारा दाणा व भूस निरनिराळ्या अंतरावर टाकतो. तसेच विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे हलके-जड आयन निरनिराळ्या वाटांनी नेतात. हव्या त्या वस्तुमानाचे तेवढे आयन पुढे घ्यावेत आणि त्यांच्यावर लेसरचा प्रकाश पाडावा. जादा इलेक्ट्रॉन सैल बसलेला असल्याने तो सोडविण्यास हेलियमच्या दिव्याची गरज नाही. आर्गॉन लेसरचा ४८८ नॅनोमीटरचा निळा किरण, म्हणजे २.५४ इलेक्ट्रॉन-व्होल्टांची पुडी, पुष्कळदा पुरते. इलेक्ट्रॉन गेला की मागे उरतो तो भाररहित, अल्पजीवी रेणू, ज्याचा आपल्याला अभ्यास करावयाचा असतो. तो पुढच्या क्षणी नष्ट झाला तरी चिंता नाही. निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनाच्या गतीत त्याचे वर्णन लिहिले गेलेले असते. ब्रेम, गुसिनॉव्ह व हॉल यांनी १९६७ मध्ये हेलियमच्या ऋण आयनावर लेसरचा असा प्रयोग केला होता. पुढे अमेरिकेत बोल्डर येथे लाइनबर्गर यांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत रेणूंसाठी विकसित झाली. मिथिलीनची हकीकत तेथलीच आहे.

मिथिलीनमध्ये कार्बनजवळ दोन इलेक्ट्रॉन असे असतात की, ज्यांना बंधनात काही काम नाही. त्यांच्या आभ्राम दोन तऱ्हांनी मांडता येतात. दोघे निरनिराळ्या घरांत, समान दिशेने फिरत राहिले तर त्या अवस्थेस त्रिक म्हणतात. एकाच घरात, परस्परविरुद्ध दिशेने राहिले तर एकक. या दोन अवस्थांतील मिथिलीनची वागणूक भिन्न असते. एकक मिथिलीन दुहेरी बंधनावर एका झटक्यात येऊन बसते आणि मूळ रेणूची मांडणी जशीच्या तशी राहते; त्रिक मिथिलीन दोन टप्प्यांनी येते व मधल्या वेळेत मांडणी फिरू शकते. म्हणून या दोन अवस्थांत ऊर्जेचे अंतर किती, हा प्रश्न कार्बनी रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा होता. शिवाय रेणू इतका लहान की, पुंजसिद्धांताच्या आधारे त्याचे गणित करून पाहता येत असे. गणित व प्रयोग यांची गाठ घालून पाहावयाची तर यापेक्षा चांगली जागा नव्हती.

या रेणूवरून एकदा वाद होऊन गेला होता, हेही येथे सांगावयास हवे. हर्झबर्ग व शूस्मिथ यांनी १९५९ मध्ये मिथिलीनचा प्रकाशीय वर्णपट प्रथम मिळविला, आणि त्रिक मिथिलीनचे तीन अणू एका सरळ रेषेत आहेत असा निष्कर्ष हर्झबर्ग यांनी काढला. हर्झबर्ग हे या शास्त्रातील अग्रगण्य अधिकारी. मुक्त मूलकांवरील कामासाठी १९७१ चे नोबेल त्यांनाच मिळाले. फॉस्टर व बॉइज यांचे १९६० मधील गणित मात्र रेणू वाकलेला आहे असे सांगत होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७० मध्ये बेंडर व शेफर यांनी पुन्हा गणित करून सुमारे १३५ अंशांचा कोन काढला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय अनुस्पंदनाचे प्रयोगही वाकलेल्या रेणूकडेच बोट दाखवू लागले. हर्झबर्ग यांनी आपले प्रकाशीय पुरावे पुन्हा तपासले आणि १९७१ मध्ये जॉन्स यांच्यासह वाकलेला आकार मान्य केला. प्रयोगाविरुद्ध गणित खरे ठरल्याची ही घटना सर्वांच्या स्मरणात ताजी होती.

अशा वेळी, १९७६ मध्ये, बोल्डर येथील गटाने मिथिलीनच्या ऋण आयनाचा प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपट प्रसिद्ध केला. एका आयनापासून एकक व त्रिक या दोन्ही अवस्था उत्पन्न होतात आणि दोन्ही एकाच आलेखावर शेजारी दिसतात. म्हणजे दोन प्रारंभरेषांतील अंतर मोजले की काम झाले. अंतर निघाले १९.५ किलोकॅलरी. चांगल्या गणितांचे उत्तर होते ९ ते ११. दुप्पट फरक! मोजणाऱ्यांच्या हातून असा फरक पडावा अशी ती प्रयोगशाळा नव्हती, आणि लहानशा रेणूत गणिताची एवढी चूक व्हावी हेही संभवनीय वाटत नव्हते.

आलेख पाहिला म्हणजे अडचण कोठे होती ते ध्यानात येते. ऋण आयनात दोन हायड्रोजनांमधील कोन सुमारे १०३ अंशांचा असतो. एकक मिथिलीनचा कोन १०२ अंश, जवळजवळ तोच. त्यामुळे एकक अवस्थेची खूण म्हणजे एक उंच, निःसंदिग्ध रेषा. त्रिक मिथिलीनचा कोन मात्र सुमारे १३४ अंश. इलेक्ट्रॉन जाताच रेणू एकदम फाकू पाहतो व मोठ्या आवेगाने कंप पावतो. म्हणून त्रिक अवस्थेची खूण म्हणजे रेषांची लांब माळ. तिचा मध्य ठळक, आणि ज्या टोकाशी आपले काम ते प्रारंभीचे टोक फिकट. एवढे फिकट की, कोणती रेषा पहिली आणि कोणती नाहीच, हे ठरविणे कठीण. १९७६ मध्ये ही माळ तिच्या शेवटच्या दिसणाऱ्या फिकट रेषेपर्यंत मोजली गेली. त्यावरून मिथिलीनची इलेक्ट्रॉन-आसक्ती, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन सोडविण्याचा खर्च, ०.२१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरली.

येथे मला महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होते. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्या पंथाचे पवित्र स्थान असल्याने वर्ध्याच्या भाषाविद्यार्थ्यास हा विषय नवा नाही. त्या लिपीत अक्षरे देवनागरीसारखी दिसतात, पण एका अक्षराच्या जागी दुसरे योजलेले असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी तिची किल्ली शोधून काढली. किल्ली एका घराने चुकली तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी: पुढील प्रत्येक अक्षर तेवढ्याच घराने चुकेल, आणि तरीही माळ सुसंगतच दिसेल. मिथिलीनच्या बाबतीत नेमके हेच झाले. रेषांमधील अंतरे ठीक होती, मोजणी ठीक होती. चूक होती ती 'येथून प्रारंभ' या एका निर्णयात.

ती चूक का झाली? आयन थंड नव्हते, हे कारण. विद्युत्विसर्जनात निर्माण झालेल्या आयनांपैकी काही आधीच कंप पावत होते. अशा आयनाजवळ जादा ऊर्जा शिलकीत असते; त्याच्यापासून सुटलेला इलेक्ट्रॉन ती शिल्लक घेऊन अधिक वेगाने निघतो आणि खऱ्या प्रारंभाच्याही अलीकडे रेषा उमटवितो. माळेला मागच्या बाजूने खोटे मणी जोडले जातात. हार्डिंग व गॉडर्ड यांनी गणिताच्या आधारे ही शंका १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मांडली. १९७८ मध्ये लेंगेल व झेअर यांनी लेसरच्या निराळ्या पद्धतीने ८.१ किलोकॅलरी हे अंतर काढले. तरीही बोल्डरचा आलेख समोर होता, आणि आलेखातील रेषा केवळ शंकेने पुसल्या जात नाहीत.

निर्णय झाला तो दोन अंगांनी. १९८३ मध्ये मॅककेलर, बंकर, सीअर्स, इव्हनसन, सेकॅली व लँगहॉफ यांनी अगदी वेगळ्या मार्गाने, चुंबकीय क्षेत्रात दूर-अवरक्त लेसर वापरून, ९.०५ किलोकॅलरी हा आकडा दिला. आणि १९८४-८५ मध्ये खुद्द बोल्डर येथेच लेओपोल्ड, मरी व लाइनबर्गर यांनी जुना प्रयोग नव्या पद्धतीने केला. या वेळी आयनांना हेलियमच्या प्रवाहातून नेण्यात आले. हेलियमच्या असंख्य अणूंवर आदळत जाताना आयनांची कंपने शमतात व ते प्रयोगशाळेच्या तापमानास येतात. अशा निवालेल्या आयनांचा वर्णपट घेताच प्रारंभीच्या तीन फिकट रेषा नाहीशा झाल्या. इलेक्ट्रॉन-आसक्ती ०.२१ ऐवजी ०.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरली आणि दोन अवस्थांमधील अंतर ९ किलोकॅलरींवर आले. याच कामात त्यांनी साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन घातलेले मिथिलीनही तपासले. जड अणूंमुळे कंपनाच्या पायऱ्या आखूड होतात, त्यामुळे माळेतील रेषा सरकतात. मात्र खरी प्रारंभरेषा जवळजवळ जागच्या जागी राहते. एका ग्रंथाच्या दोन शाखांच्या पोथ्या शेजारी ठेवून, दोहोंत जे समान ते मूळ, असा जो न्याय आम्ही लावतो, तोच येथे लागू पडला.

या प्रकरणात 'प्रयोग हरला' असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अर्धवट वाटते. हरले ते वाचन. आणि ज्यांनी ते केले होते त्यांनीच, अधिक चांगली पोथी मिळवून, ते दुरुस्त केले.

गणिताच्या बाजूविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण तो भाग महाराष्ट्रात घडला आहे. आयनीभवन ऊर्जा गणिताने काढावयाची तर सरळ मार्ग म्हणजे रेणूची एकूण ऊर्जा काढावी, आयनाची एकूण ऊर्जा काढावी व वजाबाकी करावी. पण या दोन्ही राशी अतिशय मोठ्या आणि त्यांतील फरक फार लहान. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची भरलेली गाडी हाकणाऱ्यासह काट्यावर घालावी, मग त्याच्या डोक्यावरचे पागोटे काढून पुन्हा घालावी, आणि दोन वजनांच्या फरकावरून पागोट्याचे वजन सांगावे, तसा हा हिशेब. काटा थोडासा चुकला तरी पागोटे शेरभराचे किंवा शून्याचे भरेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल व त्यांचे सहकारी यांनी ज्या गणितपद्धती विकसित केल्या त्यांत हा फरकच थेट काढला जातो; दोन्ही बाजूंस समान असलेला भाग आधीच गळून पडतो. आयनीभवन ऊर्जा व इलेक्ट्रॉन-आसक्ती या दोहोंसाठी त्या वापरल्या जातात. फिकट टोकाच्या वर्णपटात प्रारंभरेषा कोठे शोधावी, हे सांगणारा दुसरा साक्षीदार त्यामुळे मिळतो.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच क्रियेचा उलट पाठ वाचला जातो. तेथे ऋण आयनातून इलेक्ट्रॉन काढीत नाहीत, तर मंदगती इलेक्ट्रॉन रेणूस चिकटवितात व तयार झालेला ऋण आयन कसा फुटतो ते पाहतात. कृष्णकुमार व वैभव प्रभुदेसाई यांनी २००५ मध्ये दाखविले की, चिकटणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा योग्य निवडली तर रेणू कोणत्या ठिकाणी तुटावा हे ठरविता येते. २०१८ मध्ये त्यांनी मेसन यांच्यासह हायड्रोजनच्या सममित रेणूवर इलेक्ट्रॉन बसवून पाहिला. दोन्ही टोके सारखी असताही तुकडे पुढे व मागे समप्रमाणात उडाले नाहीत. आयनाच्या दोन अवस्था एकाच वेळी, एकमेकींशी लय साधून, उत्पन्न झाल्याचा हा परिणाम होता. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील सिंक्रोट्रॉनांवरही प्रकाश-इलेक्ट्रॉन मापनाची सोय आहे, परंतु तेथील काम मुख्यतः घनपदार्थांच्या पृष्ठभागांवर चालते. त्याचा विचार येथे करीत नाही.

आता स्नेह्यांच्या टाचणांकडे. कंप पावणाऱ्या आयनांमुळे उमटणाऱ्या खोट्या रेषांना त्यांनी 'उष्ण पट्ट' असे नाव दिले होते. ते इंग्रजी नावाचे शब्दशः रूप आहे, आणि त्याने विद्यार्थ्याची दिशाभूल होते. कारण उष्णता रेषेत नसते, रेषा उमटविणाऱ्या आयनात असते. मी 'पूर्वकंपित रेषा' असे सुचविले. त्यांना तो शब्द लांब वाटला. फळ्यावर दहा वेळा लिहावयाचा शब्द आटोपशीर हवा, असे त्यांचे म्हणणे, आणि तेही खोटे नाही. प्रारंभीच्या रेषेसाठी मात्र 'आद्य रेषा' हा शब्द दोघांनाही पटला. व्याख्यान झाले तेव्हा त्यांनी मिथिलीनच्या दोन वर्णपटांची, १९७६ च्या व १९८५ च्या, हातांनी काढलेली चित्रे भिंतीवर शेजारी लावली होती आणि पहिल्या चित्रातील तीन फिकट रेषांवर लाल खडूने वर्तुळे केली होती. 'उष्ण पट्ट' हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरला नाही, 'पूर्वकंपित' हाही नाही. त्या वर्तुळांकडे बोट दाखवून ते नुसते "ह्या उपऱ्या रेषा" म्हणाले. पुढील आठवड्यात विद्यार्थ्यांच्या वह्यांत तोच शब्द उतरलेला मी पाहिला.